काचेसाठी पाणी

"बाई, चंद्रावरून खाली या. सोमाचा पाय उद्या सकाळी काढतोय. रक्त काय म्हणतंय तेवढं सांगा."

डॉ. पाटणकर लॅबच्या दारात उभे होते. आत कधी येत नसत. लॅबमधल्या रंगांचा वास त्यांना सोसत नसे. दिवसभर पुवात हात घालणारा माणूस, पण नाक नाजूक. ते सर्जन, मी पॅथॉलॉजिस्ट. ते माणूस उघडून आत बघायचे, मी माणसाचा एक थेंब काचेवर पसरून आत बघायची. नगरमधल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात आम्ही दोघं नोकरीला होतो. बहात्तरचा पाऊस आलाच नाही, त्यानंतरचा तो उन्हाळा.

माणूस चंद्रावर जाऊन आल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावला की मला हाक ऐकू येत नसे. म्हणून डॉ. पाटणकर मला चंद्रावरच पाठवत. मी रागवत नसे. माझा मायक्रोस्कोप आरशाचा होता. उत्तरेच्या खिडकीतून आभाळाचा उजेड खालच्या आरशावर पडायचा, तिथून काचेतून वर माझ्या डोळ्यात यायचा. दुपारी ओपीडी संपली, वॉर्ड पेंगुळला, की मी त्या गोल उजेडात उतरायची. खाली तांबड्या पेशींचं गुलाबी माळरान. त्यात लांब लांब अंतरावर एखादी पांढरी पेशी, माळावरच्या झाडासारखी एकटी. काच सरकवायची, दुसरं झाड यायचं. झाडं ओळखत, मोजत पुढं जायचं, हा माझा धंदा. झोपेत चालल्यासारखं वाटायचं. पगार मिळाला नसता तरी मी ते केलं असतं, पण हे मी मेट्रनला, आमच्या मुख्य नर्सला, कधी बोलले नाही.

"रक्त बरं म्हणत नाही, सर," मी डोळा न काढता म्हणाले. "कोवळ्या पेशी कमी झाल्यात. पण दाणे तसेच आहेत. उलट वाढलेत."

"दाणे आहेत ना? मग पू आहे. मला दिसत नाही एवढंच."

"पण सर..."

"पण काय?"

मी मायक्रोस्कोपवरून मान वर केली. ते गेले. त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू आला.

हे दाणे म्हणजे काय, ते सांगायचं तर सोमापासून सांगावं लागेल.

सोमा भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला माणूस. नगरजवळ नागापूरला तेव्हा एमआयडीसीचे शेड उभे राहत होते. ट्रकमधून अवजड मशिनं उतरवायला दोर आणि पहारी घेऊन काम करणारी माणसं लागत. सोमा त्यातला. असं एक मशिन उतरवताना दोर निसटला आणि मशिनची लोखंडी बैठक त्याच्या मांडीवर आली. जॅक येईपर्यंत तो तसाच खाली अडकून होता. त्याला टेम्पोत घालून आमच्याकडे आणलं तेव्हा तो शुद्धीवर होता आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "मशिनीला काय झालं न्हाई ना?"

डॉ. पाटणकरांनी त्याच्या मांडीवर सुंदर काम केलं. चेचलेलं, मेलेलं मांस काढून टाकलं, जखम उघडी ठेवली, रोज स्वतः धुतली. जखम लालचुटूक, स्वच्छ. त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या जखमांत शेण, हळद, चुना असं काय काय निघायचं. त्या मानानं ही जखम म्हणजे शाळेत फळ्यावर काढून दाखवावी अशी. आम्ही सगळे निश्चिंत झालो.

मग त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली. मग कमी झाली. मग बंदच झाली. मग त्याला धाप लागायला लागली. मग एका सकाळी त्याचे डोळे पिवळे दिसले.

मार मांडीला, आणि बंद पडतंय मूत्रपिंड. मांडीवर मशिन पडलं तर फुप्फुसाला काय झालं? काविळीचा आणि पहारीचा काय संबंध? मूत्रपिंडाचं थोडं तेव्हाही माहीत होतं. चेचलेल्या स्नायूतला रंग रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. पण बाकीच्या अवयवांचं काय? घरातली एक भिंत पडावी आणि त्या हादऱ्यानं गल्लीतल्या दुसऱ्या घराचे दिवे जावेत, असं काहीतरी चाललं होतं.

मी त्याचं रक्त बघितलं. पहिल्याच काचेवर मी थांबले.

आपल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराची फौज, हे शाळेच्या पुस्तकात असतं. तयार शिपायाच्या पेशीत केंद्राचे तीन-चार तुकडे असतात, भुईमुगाच्या शेंगेसारखे मध्ये आवळलेले. कोवळ्या पेशीचं केंद्र आवळलेलं नसतं, नुसतं बैलाच्या नालासारखं वाकलेलं असतं. सोमाच्या रक्तात जिकडंतिकडं नाल. म्हणजे हाडांच्या आतून, जिथं रक्त तयार होतं तिथून, अर्धवट शिकलेली पोरंसुद्धा आघाडीवर पाठवली होती. पेशींच्या पोटात गडद, जाड दाणे होते. आम्ही त्यांना टॉक्सिक दाणे म्हणतो. पेशी घाईत बनली, पेटलेली आहे, याची ती खूण. शांतपणे विचार करून लढणाऱ्या ज्या दुसऱ्या पेशी असतात, त्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. आणि इओसिनोफिल नावाच्या पेशी, ज्यांचे दाणे डाळिंबाच्या दाण्यांसारखे लालगुलाबी दिसतात, त्यातली एकही नव्हती. शरीरावर मोठं संकट आलं की या डाळिंबी पेशी रक्तातून निघून जातात. परत दिसल्या तर समजावं की संकट उतरणीला लागलं.

म्हणजे युद्ध चाललं होतं. पण कुणाशी? काढलेल्या रक्तात जंतू वाढतात का बघितलं, वाढले नाहीत. जखमेत पू नाही. मलेरिया नाही. शत्रूचा पत्ता नाही आणि फौज गावोगाव आग लावत फिरतेय.

आज मी निवृत्त आहे, वाचायला वेळ आहे, आणि त्या कोड्याचं उत्तर बरंचसं सापडलंय. आपल्या प्रत्येक पेशीत ताकद निर्माण करणारे बारके कारखाने असतात. ते फार फार पूर्वी स्वतंत्र जंतू होते म्हणतात. एका पेशीनं त्यांना घरात घेतलं आणि ते तिथलेच झाले. मांस चेचलं जातं तेव्हा हे कारखाने फुटतात आणि त्यांच्यातला माल रक्तात वाहतो. पांढऱ्या पेशींना तो जंतूंसारखा वाटतो. जुनी ओळख पटते आणि घोटाळा होतो. त्या पेटून उठतात, फुप्फुसात, यकृतात, मूत्रपिंडात जाऊन बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतात आणि आपल्याच घराची नासधूस करतात. दमल्या की मग खरे जंतू आले तरी त्यांच्याशी लढायची ताकद उरत नाही. आणि अशा पेटलेल्या फौजेवर दुसरा घाव बसला, मोठं ऑपरेशन म्हणा, तर ती कधीकधी आवरतच नाही. मला हे पहिल्यांदा वाचताना सोमाची ती काच डोळ्यासमोर आली आणि मी चष्मा काढून ठेवला.

पण तेव्हा यातलं काही कुणाला नीट ठाऊक नव्हतं. तेव्हा आमच्यात व्हरांड्यात उभ्या उभ्या भांडण व्हायचं.

"सर, जंतू नसताना नुसत्या माराने असं होत असेल तर?"

"फौज उगाच बाहेर पडत नाही, बाई. शत्रू आहे. त्या मांडीत खोल कुठंतरी पू दबा धरून बसलाय. मांडी काढली की संपलं."

"मांडी काढायची म्हणजे खुब्यापासून. मूत्रपिंड बंद असलेल्या माणसाला ते झेपेल?"

"नाही काढली तर झेपणार आहे का?"

डॉ. पाटणकर हट्टी होते, पण खाटीक नव्हते. रोज सकाळी सोमाची जखम धुताना ते त्याच्याशी गावाकडच्या करवंदांबद्दल बोलत.

सोमाला जगवायचं काम त्या दिवसांत एकाच गोष्टीवर चाललं होतं, ते म्हणजे पाणी मोजून देणं. मूत्रपिंड बंद तर पाणी बाहेर जायला वाट नाही. जास्त दिलं तर ते छातीत साठतं. नगरमध्ये तेव्हा मूत्रपिंडाचं यंत्र कुठलं? मेट्रन चमच्यानं पाणी द्यायची. सोमा ओठ चाटायचा आणि एकच मागायचा, "गावचं पानी आना. ह्ये पानी न्हाई, नुस्तं वलं हाय."

त्याची बायको हिराबाई हॉस्पिटलच्या आवारात इतर नातेवाइकांबरोबर तीन दगडांची चूल मांडून राहत होती. काटक बाई, बोलणं तोडून. एकदा तिच्या चुलीजवळून जाताना मी विचारलं, जेवलात का. ती म्हणाली, "कसलं जेवन. डाळ सकाळधरनं चुलीवर हाय, शिजंना. तुमच्या गावाचं पानीच दगड हाय. आमच्या झऱ्याच्या पान्यात घटकंत ईरघळती."

मी हसले आणि पुढं गेले. त्या वेळी मला त्यात डाळीपलीकडं काही दिसलं नाही.

त्यानंतर ती गावी गेली. नवऱ्याला गावचं पाणी पाजायला हवं, असं तिचं ठरलं होतं. त्या डोंगराकडं ही रीत आहे. माणूस परगावी आजारी पडला की त्याच्या पाणवठ्याचं पाणी नेऊन त्याच्या तोंडात घालतात. जगला तर त्या पाण्यानं जगतो, आणि नाही जगला तर निदान घरचं पाणी पिऊन जातो.

ती परत आली त्याच सकाळी डॉ. पाटणकरांनी तिला पायाचं विचारलं. मी तिथं होते. कडेवर फडकं बांधलेली पितळी कळशी घेऊन ती उभी होती. अकोले, संगमनेर करत एसटीनं ती कळशी मांडीवर घेऊन आली होती. दुष्काळात भरलेली कळशी घेऊन एसटीत बसणं म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकता. सगळी गाडी तिच्याकडं बघत होती. एका म्हातारीनं मागितलं, तिला ओंजळभर दिलं, बाकी कुणाला दिलं नाही, असं तिनं मला नंतर सांगितलं.

"पाय काढला तर वाचंल का?" तिनं विचारलं.

"वाचायची आशा आहे."

"पर मंग डोंगर कसा चढंल त्यो? आमचं घर वर हाय."

तिनं कळशी दुसऱ्या कडेवर घेतली आणि ती म्हणाली, "तुमी म्हनाल तसं. त्याला हुबा न्हाई तर बसल्याला तरी घरी न्या." मग तिनं कळशी मेट्रनपुढं केली आणि मेट्रननं मान हलवली. बाहेरचं पाणी वॉर्डात चालणार नव्हतं. हिराबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून, कळशी पोटाशी धरून बसली. मग मी माझ्या लॅबमध्ये गेले, चंद्रावर.

आणि तिथंच दुपारी डॉक्टर दारात येऊन उभे राहिले, ते मी सुरुवातीला सांगितलं.

ते गेल्यावर मी पुन्हा डोळा लावला. बाहेर पांढरं ऊन, आवारात कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. मी सोमाच्या रक्तातून चालत होते. नाल कमी झाले होते, शेंगा परत दिसत होत्या, हे चांगलं होतं. पण दाणे? गच्च, काळेनिळे. काही पेशी तर दाण्यांनी इतक्या ठासून भरलेल्या की केंद्रही नीट दिसू नये. अशा पेशी पूर्वी नव्हत्या. माझा जीव तीळतीळ तुटत होता. एकीकडून बरं होतंय आणि दुसरीकडून बिघडतंय, असं कसं?

मग त्या अर्धवट गुंगीतच मला जाणवलं की माळरान गुलाबी नाहीये. राखाडी आहे. तांबड्या पेशी राखेसारख्या. हे मला गेले काही दिवस दिसत होतं. मी त्याचा दोष उन्हाला देत होते. दुष्काळाचं आभाळ पांढरं, आरशात उजेड पांढरा, म्हणून रक्त फिकट, असं मी मनाशी धरून बसले होते. कविमनाची पॅथॉलॉजिस्ट असली की असं होतं.

ऊन तर खिडकीतून येतं, मी स्वतःशी म्हणाले, मग माझ्या हाताचा रंग का नाही बदलला?

मी सुई घेतली, स्वतःचं बोट टोचलं, थेंब काचेवर पसरला, वाळवला, सोमाच्या काचेसारखाच रंगवला. आणि बघितलं.

राखाडी माळरान. गडद, जाड दाणे. ठासून भरलेल्या पेशी.

म्हणजे एक तर मी मरायला टेकले होते, नाहीतर काच खोटं बोलत होती. मी नाडी बघितली. ठीक होती. दुपारी डबा पूर्ण खाल्ला होता. मला इतकं हसू आलं की शेजारच्या खोलीतून आमचे लॅब असिस्टंट थोरात धावत आले.

"थोरात, रंगाचं पाणी कुठलं वापरताय?"

"टँकरचं, बाई. उकळून, गाळून. आपली भट्टी बंद नाही का."

रक्त रंगवायचा रंग दुकानातून पूड म्हणून येतो. तो काचेवर घातल्यावर त्यात पाणी मिसळावं लागतं, आणि ते पाणी शुद्ध असावं लागतं. त्यासाठी आमच्याकडं वाफ धरून पाणी गाळायची छोटी भट्टी होती. पण ती थंड ठेवायला नळाचं वाहतं पाणी लागतं. सोमाची पहिली काच झाल्यावर नळ बंद झाले, भट्टी बंद झाली. मग टँकर. टँकर कुठल्या तरी खोल विहिरीचा. त्या पाण्यात खार आणि चुना. उकळून खार जात नाही. आणि खाऱ्या पाण्यात रक्ताचा निळा रंग चढतो, गुलाबी उतरतो. साधे दाणे जाड दिसतात आणि निरोगी माणूसही विषारी दिसतो. हे मला परीक्षेत आलं होतं. उत्तर बरोबर लिहिलं होतं.

"चांगलं पाणी आणा," मी म्हणाले.

थोरात गॅरेजमध्ये बॅटरीचं पाणी आणायला गेले. तासाभरानं रिकाम्या हातानं आले. गॅरेजवाला म्हणाला, आम्ही तर तुमच्याच भट्टीचं नेत होतो. मेट्रनकडं इंजेक्शनच्या पाण्याच्या ॲम्प्यूल मागितल्या. साठा संपला होता, पेनिसिलीनसुद्धा सलाईनमध्ये विरघळवायची पाळी आली होती. पावसाचं पाणी? त्यावर थोरात नुसते माझ्याकडं बघत राहिले.

मी डोळे मिटून बसले. माझं लहानपण श्रीरामपूरचं. वडील शाळामास्तर. आमच्या अंगणापलीकडून पाट वाहायचा, आणि त्या पाण्यात आईची डाळ कशी झटकन शिजायची. पाट यायचा कुठून? भंडारदऱ्याहून.

मी उठले आणि व्हरांड्यात गेले. हिराबाई तशीच बसली होती.

"हिराबाई, तुमच्या कळशीतलं पेलाभर पाणी मला द्या."

"प्यायला?"

"नाही. तुमच्या नवऱ्याचं रक्त काचेवर धुवायला."

तिनं कळशी आणखी पोटाशी ओढली. "त्याला त्वांड वलं करू देत न्हाईत, आन काचंवर वतायला मागताय? मी न्हाई द्यायची, बाई. येवढ्या लांबनं मांडीवर आनलंय."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. म्हणाले, "मला त्यांचं रक्त नीट दिसत नाही. इथलं पाणी खारं आहे, ते माझ्या डोळ्यांना फसवतंय. तुमच्या डाळीचं झालं तेच माझ्या काचेचं झालंय. पाय काढायचं उद्या आहे. न बघता काढला गेला तर मला झोप लागायची नाही."

"आन दिसलं तर पाय ऱ्हाईल?"

"खोटं कशाला सांगू? माहीत नाही. पण खरं काय ते दिसेल."

वॉर्डातून सोमाचं खोकणं ऐकू आलं. मग तिनं फडक्याची गाठ सोडली.

"उरल्यालं त्यालाच द्यायचं. तुमी सोता द्यायचं. त्या शिस्टरच्या हाती न्हाई."

मी कबूल केलं. मेट्रनला काय सांगणार, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

ते पाणी गाळून मी सोमाची ताजी काच रंगवली. ती वाळेपर्यंतचा वेळ कसा गेला, ते विचारू नका. मग डोळा लावला, आरसा फिरवला, आणि खाली उतरले.

गुलाबी. सगळं माळरान गुलाबी, पहाटे उगवतीला असतं तसं. शेंगा शेंगांसारख्या, दाणे बारीक, अंधूक, जसे असायला हवेत. मी चालत राहिले. आणि काचेच्या कडेला ती दिसली. डाळिंबी पेशी. लालगुलाबी दाण्यांनी टच्च भरलेली. पुढं दुसरी. पुढं आणखी एक. टँकरच्या पाण्यात ज्या पेशी मला विषानं ठासून भरल्यासारख्या वाटल्या होत्या, त्या याच होत्या. सोमाचं शरीर मला कित्येक दिवस सांगत होतं की मी बरा होतोय, आणि मी ते उलटं लिहून पाठवत होते.

मी रडले. थोरातांनी खिडकीकडं बघायचं नाटक केलं.

मग मी थोरातांना सांगितलं की डॉक्टरांना बोलवा आणि म्हणावं, चंद्रावर पाणी सापडलंय.

डॉ. पाटणकर नाकाला रुमाल लावून पहिल्यांदाच आत आले. मी त्यांना आधी टँकरच्या पाण्यातली एक काच दाखवली.

"दाणेच दाणे," ते म्हणाले. "सोमा?"

"नाही. मी."

त्यांनी मान वर करून मला नखशिखान्त बघितलं. मग झऱ्याच्या पाण्यातली सोमाची काच दाखवली. ते खूप वेळ बघत राहिले. सर्जन माणसाला इतका वेळ एका जागी गप्प उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. शेवटी त्यांनी बाही वर केली आणि बोट पुढं केलं.

"माझंही बघा. दोन्ही पाण्यांत."

त्यांचंही बघितलं. टँकरच्या पाण्यात सर्जनसाहेब अत्यवस्थ, झऱ्याच्या पाण्यात ठणठणीत.

"म्हणजे टँकरच्या हिशेबानं माझेही दोन्ही पाय काढायला हवेत," ते म्हणाले.

"सर, जखमेत पू नाही. रक्तातलं संकट उतरणीला लागलंय. आता त्याच्यावर दुसरा घाव नको. थांबू या."

"आणि थांबून तो गेला तर?"

"तर मी चुकले म्हणीन. पण पायासकट जाईल."

ते हसले नाहीत. "लघवी होईपर्यंत थांबतो," म्हणाले. "पण ताप चढला की काढणार. मग तुमचं ऐकणार नाही."

ताप चढला नाही. वाट बघण्याचे ते दिवस मी अर्धे स्वप्नात काढले. रोज कळशीतलं थोडं पाणी, रोज एक काच, रोज डाळिंबी पेशी थोड्या जास्त. हिराबाई कळशीत डोकावून किती उरलं ते बघायची. मग एके सकाळी मेट्रन, जिला मी कधी चालण्यापलीकडं काही करताना बघितलं नव्हतं, ती धावत आली. हातात काचेची बाटली, तळाशी थोडी पिवळी लघवी. आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो. डॉ. पाटणकरांनी ती बाटली खिडकीच्या उजेडात धरली, फिरवून बघितली, आणि त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मी नंतर त्यांच्या मुलीच्या लग्नातसुद्धा बघितला नाही.

पुढं लघवी भरभरून व्हायला लागली. धाप गेली. डोळ्यांतला पिवळेपणा हळूहळू ओसरला. मग मी मेट्रनला काही न विचारता वॉर्डात गेले आणि कळशीच्या तळाशी उरलेलं पाणी पेल्यात ओतून सोमाच्या ओठाला लावलं. मेट्रननं पाठ फिरवून शेजारच्या खाटेची चादर सारखी केली. हिराबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

सोमा प्याला. डोळे मिटून थोडा वेळ तोंडातच धरलं, मग गिळलं.

"गार न्हाई ऱ्हायलं," तो म्हणाला. "पर हाय आपलंच."

हिराबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती वॉर्डाबाहेर निघून गेली.

तो दोन्ही पायांवर घरी गेला. गुडघा पुरता वाकत नव्हता, मशिनं उतरवायचं काम संपलं ते संपलं. डोंगर तो चढला, थांबत थांबत, असा निरोप आला.

त्यानंतर मी नोकरी संपेपर्यंत रोज सकाळी पहिली काच स्वतःच्या रक्ताची करायची. बोटाची चाळण झाली. नवीन मुलं विचारायची, बाई हे कशाला? मी सांगायची की दुसऱ्याच्या रक्तात विष दिसलं तर आधी त्याच पाण्यात आपलं रक्त बुडवून बघावं, पुष्कळ ऑपरेशनं वाचतात. त्यांना ते फारसं पटायचं नाही. त्यांच्याकडं नळाला पाणी होतं.

त्या उन्हाळ्यात भट्टी परत सुरू होईपर्यंत मात्र आमचं अडलं नाही. अधूनमधून अकोल्याच्या एसटीचा कंडक्टर हॉस्पिटलच्या दारात एक पत्र्याचा डबा ठेवून जायचा, झाकणाला फडकं बांधलेला. डब्यावर सोमानं कोळशानं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं: "काचेसाठी. पिऊ नये."